काळा धूर, पांढरा धूर आणि बाबांची पंचाहत्तरी

माझ्या बाबांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही आणि उजव्याने निम्मंच येतं. नौदलात त्यांची सगळी नोकरी बॉयलर रूममध्ये गेली. भट्टीला हवा पुरवणारे पंखे, पंपांची घरघर, वाफेचा सुसाट आवाज, आणि कानात घालायला कापसाचा बोळा. आम्ही लहानपणापासूनच घरात मोठ्याने बोलायला शिकलो. समोर बसून एकट्याने बोललं तर त्यांना बरोबर कळतं. पण चार माणसं जमली आणि दोघं-तिघं एकदम बोलायला लागली की त्यांच्या हातून धागा सुटतो. मग ते नुसते हसऱ्या चेहऱ्याने बसून राहतात.

चौऱ्याहत्तराव्या वाढदिवसाला मी त्यांना तसं बघितलं. केक कापून झाला, फोटो झाले, गप्पा रंगल्या, आणि ज्याचा वाढदिवस तो माणूस कोपऱ्यातल्या खुर्चीत, मांडीवर रिकामी बशी धरून बसलेला. रात्री डोंबिवलीला परतताना गाडीत मला तेच दिसत होतं. पुढच्या वर्षी पंचाहत्तरी. तेव्हा असं होऊ द्यायचं नाही, हे मी त्या प्रवासातच ठरवलं.

प्रश्नमंजूषेची कल्पना माझ्या लेकीची. शाळेत त्यांना कार्डांवर प्रश्न देऊन असा खेळ घेतात. ती म्हणाली, "आई, आजोबांना ऐकायलाच लागणार नाही असा खेळ करू." सगळी गंमत त्या एका वाक्यात होती. प्रश्न कार्डावर, जाड मार्करने, बोटभर उंचीच्या अक्षरांत. कार्ड बाबांच्या हातात. वाचणार ते. बाकीच्यांनी उत्तर पाटीवर खडूने लिहायचं आणि पाटी वर धरायची. बरोबर की चूक हे सांगणारही तेच. म्हणजे ऐकण्याचं काम आमचं आणि बोलण्याचं त्यांचं. कार्डांसाठी मी घरात साठलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून घेतल्या. चाळीस निघाल्या.

पहिले दहा प्रश्न मी एका बैठकीत लिहून काढले. नौदल दिन कधी असतो? ४ डिसेंबर. का? १९७१च्या त्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला म्हणून. नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख कोण? ॲडमिरल कटारी, १९५८. मुंबईतल्या नौदलाच्या कुठल्या तळाला आपल्या सरखेलांचं नाव आहे? आयएनएस आंग्रे. नौदलाच्या ध्वजावरचा अष्टकोन कशावरून घेतला? शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून, २०२२ साली, नवी विक्रांत नौदलात आली त्याच दिवशी. प्रश्न चांगले होते, मुलांना माहीत असावेत असेही होते. पण लिहून झाल्यावर परत वाचले तेव्हा लक्षात आलं की यातला एकही प्रश्न माझ्या बाबांचा नाही. नौदलातून निवृत्त झालेल्या कुणाच्याही वाढदिवसाला ते चालले असते. सगळे ॲडमिरल, लढाया आणि तारखा. माझे बाबा खलाशी होते. १९६६ साली, सतराव्या वर्षी, दापोलीहून निघून भरती झाले आणि १९८२ साली पेटी ऑफिसर, म्हणजे खलाशांमधल्या वरच्या हुद्द्यावरून, पेन्शनीवर आले. त्यांनी १९७१चं युद्ध बघितलंच नाही. ते युद्धात होते, पण पाण्याच्या पातळीखाली, भट्टीसमोर. वर विमानं उडत होती हे त्यांना जहाजाच्या हादऱ्यावरून कळायचं.

म्हणून मी आईला सांगून त्यांची ट्रंक उघडली. काळी लोखंडी ट्रंक, वर पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर लिहिलेला. बाबा तेव्हा बागेत कलमांना पाणी घालत होते. आत सर्व्हिसचे कागद, टोपीची सोनेरी अक्षरांची काळी रिबीन, आठ खलाशांचा एक फोटो, एक पिवळी पडलेली तार आणि आईची पत्रं. पत्रं मी वाचली नाहीत. तारेचं पुढे सांगते.

दुसरी मदत चिपळूणच्या काकांची झाली. हे बाबांचे लोणावळ्याचे सोबती. आयएनएस शिवाजीमध्ये दोघांनी बॉयलर आणि इंजिनाचं शिक्षण एकत्र घेतलं. फोनवर मी म्हटलं, काका, मला असे प्रश्न द्या की ज्यांची उत्तरं फक्त तुमच्या कामातल्या माणसाला येतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "त्याला धुराचं विचार."

२०२४च्या मे महिन्यात पंचाहत्तरी झाली. सकाळी औक्षण, पंचाहत्तर निरांजनं, आत्याने केलेली फणसाची सांदणं, नारळाचं दूध. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते सगळ्यांकडे होतं तसंच झालं. संध्याकाळी उन्हं कलल्यावर खळ्यात चटया घातल्या. दोन गट केले: पोर्ट आणि स्टारबोर्ड. पोर्ट म्हणजे जहाजाची डावी बाजू, तिचा दिवा लाल. स्टारबोर्ड उजवी, तिचा हिरवा. मुलांच्या मनगटाला त्या त्या रंगाच्या रिबिनी बांधल्या. बाबांनी रिबिनी बघितल्या आणि न सांगता उठून लाल रिबीनवाल्यांना आपल्या डाव्या हाताला बसवलं. वेळ संपल्याची खूण म्हणून गोठ्यातली घंटा काढून आणली होती, बैलाच्या गळ्यातली, पितळेची. जहाजावर चार तासांचा एक वॉच असतो आणि दर अर्ध्या तासाला एकेक टोल वाढत जातो, आठ टोल झाले की माणसं बदलतात. बाबांनी सुरुवातीलाच ती घंटा जोडीजोडीने आठ वेळा वाजवली. "वॉच बदलला. करा सुरू."

पहिलंच कार्ड त्यांनी हातात घेतलं, चष्मा वर केला आणि खणखणीत आवाजात वाचलं: "जहाजावर गोडं पाणी सगळ्यात आधी कुणाला मिळतं?"

पोर्टच्या पाटीवर "कॅप्टनला". स्टारबोर्डच्या पाटीवर "आजारी माणसाला". माझ्या भावाने एकट्याने "स्वयंपाक्याला" लिहिलं होतं.

"बॉयलरला," बाबा म्हणाले. आणि मग दहा मिनिटं ते बोलत होते. समुद्राचं पाणी तापवून, त्याची वाफ धरून जहाजावर गोडं पाणी कसं करतात. त्यातलं सगळ्यात शुद्ध पाणी बॉयलरला लागतं, कारण पाण्यात खार राहिला तर नळ्या आतून खराब होतात आणि नळी फुटली तर समोरचा माणूस वाचत नाही. पाणी कमी पडलं की अंघोळी बंद, बॉयलर चालू. माझा पुतण्या बारावीला आहे, त्याला रसायनशास्त्र कंटाळवाणं वाटतं. तो चटईवरून सरकत सरकत खुर्चीशी जाऊन बसला होता.

मग धुराचं कार्ड आलं. मी लिहिलं होतं, "धुराड्यातून काळा धूर आला तर चूक काय? पांढरा आला तर काय?" बाबांनी कार्ड वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"चिपळूणहून आलंय."

ते हसले. असं हसताना मी त्यांना खूप दिवसांत बघितलं नव्हतं. पाट्यांवर काय काय आलं ते सोडते. उत्तर असं: भट्टीत तेलाचा फवारा जळतो. हवा कमी पडली तर तेल पुरतं जळत नाही, धूर काळा येतो. हवा जास्त झाली तर पांढरा. दोन्हींच्या मधे एक जागा असते जिथे धुराड्याच्या तोंडाशी काहीच दिसत नाही, नुसती हवा थरथरते. त्या जागेवर भट्टी धरून ठेवायची. हवेची झडप किती, तेलाचे फवारे किती, हे हाताने सांभाळत चार तास. युद्धात काळा धूर म्हणजे शत्रूला लांबून पत्ता देणं. बाबांनी हात पुढे करून, हवेत झडपेचं चाक धरून दाखवलं. अंगठा वर, बाकीची बोटं खालून, आणि मनगट अगदी जरासं फिरवलं. पाव इंचसुद्धा नसेल. "एवढंच," ते म्हणाले. "याहून जास्त फिरवलं तर वरून शिव्या." त्यांचा हात एरवी आताशा थरथरतो. कपातला चहा सांडतो. तेव्हा थरथरला नाही. मी अगदी शेजारी बसले होते, मी बघितलं.

विक्रांतचे प्रश्न मी मुद्दाम मधे ठेवले होते. १९७१ला ते तिच्यावर होते, बंगालच्या उपसागरात. जुन्या विक्रांतला चार बॉयलर. त्यातल्या एकाला चीर गेलेली होती, म्हणून जहाजाचा पूर्ण वेग मिळत नव्हता, आणि तशाच अवस्थेत ती युद्धावर गेली. विमानवाहू जहाजाला वेग फक्त पळायला लागत नाही. विमान डेकवरून सुटायचं तर समोरून वारा हवा, आणि तो वारा जहाज वाऱ्याच्या तोंडावर जोरात नेऊन मिळवावा लागतो. म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, कॉक्स बाझार आणि चितगावला गेलेल्या प्रत्येक सी हॉक विमानाच्या मागे खाली भट्टीशी उभ्या असलेल्या पोरांचा घाम आहे. हे वाक्य माझं आहे. बाबा असं बोलत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेवरून नजर काढायची नाही. बाकी वरचे बघतील."

"विक्रांत आज कुठे आहे?" या प्रश्नावर दोन्ही गटांनी नव्या विक्रांतबद्दल लिहिलं. बाबांनी दोन्ही पाट्या चूक ठरवल्या आणि खळ्याच्या कडेला बोट दाखवलं. तिथे भावाची मोटारसायकल उभी होती. जुनी विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली, मग मुंबईला काही वर्षं संग्रहालय म्हणून होती, आणि २०१४ साली भंगारात निघाली. तिचं थोडं पोलाद बजाजने घेतलं आणि ते व्ही नावाच्या मोटारसायकलच्या टाकीत वापरलं. २०१६ साली ती गाडी आल्या आल्या भावाने घेतली, ती बाबांसाठीच. त्यांना दुचाकी चालवता येत नाही. पण ती गाडी घरी आली त्या संध्याकाळी ते एकटेच बाहेर जाऊन टाकीवर तळवा ठेवून उभे होते, हे मला आईने सांगितलं होतं. लेकीने आणि पुतण्याने त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं. दोघंही उठून टाकीला हात लावून आली.

एका कार्डावर माझी चूक निघाली, ती इथे नोंदवते. "बाबांचं पहिलं प्रशिक्षण कुठे झालं?" याचं उत्तर मी मागे पेन्सिलीने "चिलका" लिहिलं होतं, कारण आता खलाशांचं पहिलं प्रशिक्षण ओडिशातल्या चिलकाला होतं. बाबांनी कार्ड उलटून बघितलं आणि खोडलं. चिलका १९८० सालचं. ते १९६६ला विशाखापट्टणमला गेले, बॉईज म्हणून, म्हणजे पोरवयातले शिकाऊ खलाशी. मला ते माहीत असायला हवं होतं. सत्तेचाळीस वर्षांची मी, आणि माझ्या वडिलांनी घर सोडून पहिली रात्र कुठल्या गावात काढली हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, की पहिल्या रात्री झोप लागली नाही ती समुद्राच्या आवाजाने. हर्णैजवळच्या आमच्या घरातूनही समुद्र ऐकू येतो, सुवर्णदुर्ग दिसतो. पण विशाखापट्टणमचा समुद्र पूर्वेला, सूर्य पाण्यातून वर येणार. "उलटाच," ते म्हणाले.

त्यानंतर आईची फेरी. ही मी कुणाला सांगितली नव्हती. पाच प्रश्न, त्यांची उत्तरं बाबांनी पाटीवर लिहायची आणि बरोबर-चूक आईने ठरवायचं. आईला आधी लाज वाटली, मग तिने पदर खोचला. पहिला प्रश्न: "लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तुम्ही किती दिवस घरी होता?"

बाबांनी लगेच लिहिलं: ६०. वर्षाची सुट्टी साठ दिवस.

"त्रेपन्न," आई म्हणाली. "सात दिवस गाडीत गेले तुमचे." तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. विशाखापट्टणमहून सिकंदराबाद, तिथून पुणे, मुंबई, मग एसटी. दोनदा येणं, दोनदा जाणं. पन्नास वर्षं होत आली लग्नाला, तिने ते सात दिवस वजा करून ठेवले होते. बाबांनी पाटीवरचा साठ हाताने पुसला आणि त्रेपन्न लिहिलं. कुणीच काही बोललं नाही. घंटा वाजवायचं काम लेकीचं होतं, तिने वाजवली नाही.

मग तारेचा प्रश्न. "मुलगी झाली ही बातमी तुम्हाला किती दिवसांनी कळली?" ती मुलगी मी. याचं उत्तर दोघांनाही पाठ होतं, एकोणीस दिवसांनी. जहाज बाहेर होतं. तार बंदरात येऊन पडली होती, जहाज परतल्यावर हातात मिळाली. तीच ती ट्रंकेतली. मी ती पारदर्शक पिशवीत घालून आणली होती. कागदाला घडीच्या जागी चार भोकं पडली आहेत. खिशात घालून घालून पडली, असं बाबा म्हणाले. मी आजपर्यंत समजत होते की वाळवीने पडली असतील.

आता खुकरी या युद्धनौकेचं. चाळीस कार्डांमध्ये एक खुकरीचं होतं आणि आदल्या रात्री मी ते काढून टाकलं. ९ डिसेंबर १९७१ला दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ती बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. वाढदिवसाला हे कशाला, असं मला वाटलं. खेळ संपला, पोर्टवाले दोन गुणांनी जिंकले, मुलं आंब्यांकडे पळाली. बाबा कार्डं एकावर एक रचत होते. ते म्हणाले, "सगळं घेतलंस. खुकरी नाही घेतलीस."

मी म्हटलं, "काढलं मी ते."

"आण."

मी आतून आणलं. त्यांनी वाचलं. मी लिहिलं होतं, "खुकरीच्या कॅप्टनचं नाव काय?" त्यांनी मुलांना परत बोलावलं नाही, आवाजही वाढवला नाही. मला आणि भावालाच म्हणाले, "मुल्लासाहेब मोठा माणूस. त्यांचं नाव सगळ्यांना यायलाच पाहिजे. पण अठरा ऑफिसर गेले आणि एकशे शहात्तर खलाशी. त्या एकशे शहात्तरांतलं एक नाव सांग मला." आम्हाला सांगता आलं नाही. मग त्यांनी एक नाव सांगितलं. आठ जणांच्या त्या फोटोत डावीकडून तिसरा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही. पण आता ते मला माहीत आहे, आणि त्या रात्री जेवायच्या आधी ते माझ्या लेकीलाही माहीत झालं, कारण बाबांनीच फोटो आणून तिला दाखवला.

कुणी आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी असा खेळ करणार असेल तर माझं एवढंच ऐका. प्रश्न इंटरनेटवरून घेऊ नका, त्यांच्या जुन्या सोबत्याला फोन करा. नवरा-बायको दोघंही असतील तर दुसऱ्याची एक फेरी ठेवाच. ऐकू कमी येत असेल तर पाट्या आणा, बाजारात अजून मिळतात. आणि गुण कुणाला किती मिळाले याच्या मागे लागू नका, आमच्याकडे मोजणारा पुतण्याच मधेच मोजायचं विसरला होता आणि शेवटी अंदाजानेच पोर्टला दोन गुण जास्त दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो. पिशव्या भरत होते, आईचं "कोकम घेतलंस का, आमसुलं वेगळी बांधलीत" चाललेलं. बाबा बाहेर आले आणि माझ्या हातात कार्डांचा गठ्ठा दिला. मला वाटलं कालचाच. पण ही नवी होती, उरलेल्या पत्रिकांच्या पाठी त्यांनी स्वतः कापलेल्या, कडा थोड्या वाकड्या. अकरा कार्डं. त्यांच्या सुट्या, ठसठशीत अक्षरांत. मी उलटून बघितली. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"बाबा, उत्तरं कुठायत?"

"विचारलंस की सांगेन," ते म्हणाले.

सगळ्यात वरच्या कार्डावर होतं: "रात्री बारा ते चारच्या वॉचला भट्टीपुढे झोप येऊ नये म्हणून आम्ही काय करायचो?"

गाडी दाराशी लागली होती. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.